चौदावा खाडा

गोवर्धन मेहरेला दोन पिकं चांगली घेता येत. एक वांगी, दुसरं भाषण. वांग्याला गिऱ्हाईक होतं, भाषणाला नव्हतं, पण म्हणून त्यानं पेरा काही कमी केला नाही. तेरवीला गेला तरी दोन शब्द, बारशाला गेला तरी दोन शब्द. कोणाची म्हैस व्याली तर हा गोठ्याच्या दारात उभा राहून 'आजच्या या मंगल प्रसंगी' म्हणून सुरू. बोरखडी धाकटी या गावातल्या म्हशी याला येताना पाहून घाईघाईनं मोकळ्या होतात, असं लोक म्हणत. लोकांचं काय घेऊन बसलात, लोक म्हणतच असतात.

अशा माणसाला पद पाहिजे असतं. बिनपदाचा माणूस कितीही चांगलं बोलला तरी लोक मधेच उठून पान खायला जातात. म्हणून गोवर्धन ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि खुशालराव गावंड्यांकडून दोन मतांनी पडला. खुशालराव म्हणजे सोळा एकर काळीचा धनी, महिन्यातून चार वाक्यं बोलणारा माणूस. दोन मतं! गोवर्धन आठ दिवस जेवला नाही नीट. नवव्या दिवशी बायको साधनानं ताटात भाकर टाकता टाकता सांगितलं, "एक मत मायं त्यायले गेलं बरं. उगाच गावात कोनाले शिव्या देऊ नोका."

गोवर्धनच्या हातातला घास हातात राहिला. तिचं मत इकडं पडलं असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या असत्या, हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला.

"काहून व?"

"तुमी निवडून आले असते तं वांगे कोनं तोडले असते?"

याला उत्तर नव्हतं. असतं तर त्यानं ते अर्धा तास दिलं असतं.

आता देव एक दार लावतो तर खिडकी तरी किलकिली ठेवतो. निवडणुकीनंतरचा उन्हाळा सरल्यावर जिल्हा परिषदेच्या पाचवी ते आठवीच्या शाळेत पालकांची सभा भरली. मुख्याध्यापिका कौशल्या मॅडम नव्यानंच बदलून आल्या होत्या. अकरा वर्षं धारणीकडच्या जंगलात नोकरी केलेली बाई, आवाज लहान आणि नजर मोठी. त्यांनी सांगितलं की शाळा व्यवस्थापन समितीला अध्यक्ष पाहिजे. अध्यक्ष पालकच असावा लागतो. मानधन नाही, प्रवासखर्च नाही, चहासुद्धा स्वतःच्या घरून पिऊन यायचा. हे ऐकल्याबरोबर झाडून सगळ्या पालकांना आपापल्या चपला पाहाव्याशा वाटल्या. उभा राहिला तो एकटा गोवर्धन. त्याची मुलगी दामिनी सातवीत होती, म्हणजे कायद्यात तो बसत होता. सूचक आणि अनुमोदक मिळेपर्यंत तो उभाच होता.

घरी येऊन त्यानं साधनाला सांगितलं, "बिनविरोध!"

"हो नं. विरोधाले तरी कोन येते फुकटच्या कामाले," ती म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.

पण गोवर्धननं ते पद असं काही अंगाला लावून घेतलं की विचारू नका. पहिल्याच सभेत मॅडमनी शाळेचं दुखणं सांगितलं. पोरं हुशार आहेत, पण येत नाहीत. कापूस वेचायला जातात, सोयाबीनवर जातात, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तर निम्मा वर्ग गायब. बाजार भरतो तोच मुळी शाळेच्या भिंतीला लागून. इकडं फळा, तिकडं भाजीपाला. मॅडम म्हणाल्या, "धारणीला माझी मुलं नाल्याच्या पाण्यातून डोक्यावर दप्तर धरून यायची. तुमच्याकडे डांबरी रस्ता आहे, आणि मुलांची पोटं दुखतात."

हे गोवर्धनला झोंबलं. तो गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा. वाजवायचा म्हणजे, मंडळी वाजवत आणि हा त्यांच्या मागून पोचायचा. त्याला तिथंच कल्पना सुचली. शाळेत अकरा खंजिऱ्या धूळ खात पडल्या होत्या. त्यानं ठराव मांडला, मंजूर करून घेतला, आणि शाळेच्या भिंतीवर 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' असा मथळा रंगवून खाली नियम लिहवून घेतले. पहिला नियम वेळेवर येण्याचा, तो कोणी वाचलाच नाही. दुसरा मात्र सगळ्या तालुक्यात गाजला. जो विद्यार्थी चिठ्ठीशिवाय तीन दिवस गैरहजर राहील, त्याच्या दारात शाळेचं खंजिरी पथक जाईल आणि तो बाहेर येईपर्यंत भजन करील. तिसऱ्या नियमानुसार पालकानं पुढं येऊन गैरहजेरीचं कारण चारचौघांत मोठ्यानं सांगायचं.

भजनही गोवर्धननंच रचलं. 'चाल गा पोरा शाळेले, खडू तुयी वाट पाह्यते.' पुढच्या ओळी याहून वाईट होत्या.

पण उपयोग झाला बाप्पा! सकाळच्या पारी आपल्या दारात अकरा खंजिऱ्या कडकडताहेत, शेजारी-पाजारी लोटा हातात धरून उभे आहेत, आणि आपण 'पोरगं ढोरामागं गेलं होतं जी' असं ओरडून सांगतोय, हे कोणाला आवडेल? पंधरा दिवसांत वर्ग भरले. फक्त पाचवीतला बंडू तेवढा उलटा निघाला. आपल्या नावाचं भजन होतं याचीच त्याला अपूर्वाई. तो मुद्दाम तीन दिवस घरात दडून बसला, आणि पथक आलं तेव्हा त्याच्या आईनं कौतुकानं सगळ्यांना पोहे खाऊ घातले. मग काय, पथकातली पोट्टी बंडू पुन्हा कधी गैरहजर राहतो याची वाट पाहायला लागली. गोवर्धनला चौथा नियम करावा लागला की पथकानं कोणाच्याही घरी पोहे खाऊ नयेत. आणि बंडूला पथकातच घेऊन टाकलं, म्हणजे दडून बसायची त्याची सोयच मिटली.

पाचवा नियम त्यानं खुशालरावांसाठी केला, हे खोटं कशाला बोला. खुशालरावांचा नातू पियुष दामिनीच्याच वर्गात. त्याच्यासाठी चिठ्ठी यायची, 'मामेबहिणीच्या लग्नास जाणे असल्यामुळे.' मामा एक, मामाला मुलगी एक, आणि वर्षभरात तिचं चौथं लग्न. गोवर्धननं भर सभेत त्या लग्नांची मोजदाद केली आणि नियम लिहवला, की चिठ्ठी खोटी निघाली तर तीन दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी, हजेरी व्हायच्या आत, खुद्द अध्यक्षांनी पुढं होऊन पथक न्यावं. ग्रामपंचायतीकडून समितीत बसणाऱ्या खुशालरावांनी महिन्याच्या चार वाक्यांपैकी एकही खर्च केलं नाही. मुकाट सही केली. त्या दिवसापासून पियुषचा एक खाडा नाही.

आणि आता ज्याच्यासाठी एवढं सांगत बसलो ते ऐका. या सगळ्या काळात सातवीतली एक मुलगी एका बाजाराआड एका बाजाराला हमखास गैरहजर असायची, आणि तिच्या दारात खंजिरी कधी गेली नव्हती. कारण तिची चिठ्ठी असायची. 'पोट दुखत असल्यामुळे.' सही, गोवर्धन मेहरे.

दामिनीचं पोट दुखत असताना ती कुठं असायची? शाळेच्या भिंतीला टेकून, वांग्याच्या ढिगामागं. सगळ्या गावाला दिसायची. पण अध्यक्षाच्या पोरीला कोण बोलणार?

गोवर्धनचाही नाइलाज होता, म्हणजे तो तसं मानायचा. साधना दुपारपर्यंत वावरात तोडणीला. आणि हा एकटा बाजारात बसला की एका किलोमागं दहा मिनिटं बोलायचा. मागची बाई कंटाळून दुसऱ्याच्या दुकानावर. दामिनीचं तसं नव्हतं. भरल्या वांग्याला कोणाला बारकी काटेरी लागतात, भरीताला कोण मोठं मागतो, कोण तिसऱ्यांदा भाव विचारून जाणार आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. दोन्ही हात चालायचे. आणि तिसरं म्हणजे कान. कान भिंतीपलीकडं असायचे. सातवीचा वर्ग भिंतीला लागूनच. एकदा रागिणी मॅडमनी विज्ञानाच्या तासाला विचारलं, "झाडाचं अन्न कुठे तयार होतं?" वर्ग चूप. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "पानात, मॅडम! पावशेर वर टाकलं मावशी, घेऊन जा."

या मुलीला किड्यांचा नाद होता. घरच्या वांग्यावर पांढरी माशी पडली तेव्हा तिनं तेलाच्या जुन्या डब्यांना पिवळा रंग दिला, वरून एरंडेल चोपडलं आणि वावरात काठ्यांना टांगले. पिवळं दिसलं की माशी येऊन चिकटते, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. रोज शाळा सुटली की प्रत्येक डब्यावरच्या माश्या मोजायच्या आणि वहीत मांडायच्या. कोणत्या बाजूनं कीड येते, कोणत्या दिवशी फवारणी नाही केली तरी चालते, सगळं त्या वहीत. गोवर्धन पहिल्यांदा हसला. मग औषधाचे दोन डबे कमी लागले, तेव्हा हसायचा थांबला आणि त्यानं त्या विषयावर पारावर एक भाषण केलं.

डिसेंबरात शाळेला पत्र आलं. अकोल्याला विद्यापीठात दहा दिवसांचं शिबिर, शेतीतल्या किड्यांवर. सूक्ष्मदर्शकातून पाहायचं, शास्त्रज्ञांबरोबर शेतात फिरायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडं. प्रत्येक शाळेतून सातवीचा एक विद्यार्थी. अट एकच, जूनपासून डिसेंबरअखेर हजेरी नव्वद टक्के.

दामिनीनं ते पत्र सूचनाफलकावर वाचलं आणि तीन दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. चौथ्या दिवशी कौशल्या मॅडमनी गोवर्धनला बोलावलं. समोर हजेरीपट उघडा होता.

"अध्यक्ष, डिसेंबरअखेर एकशेतीस दिवस भरतील. त्यात तेरा खाडे चालतात. दामिनीचे किती झालेत माहीत आहे?"

"किती जी?"

"तेरा. सगळे बाजाराचे."

"पण मॅडम, तिच्या चिठ्ठ्या हायेत नं. दर वेळी चिठ्ठी देल्ली मी."

"चिठ्ठी असली म्हणजे खंजिरी जात नाही, एवढंच. गैरहजेरी ती गैरहजेरीच." मॅडमनी पट मिटला. "चौदावा खाडा झाला तर ती जाणार नाही. मग नियमानं पियुषचं नाव द्यावं लागेल. सुरुवातीची लग्नं धरूनही त्याची हजेरी अटीत बसते. खंजिरीला घाबरून का होईना, पण बसते."

पियुष! ज्याला भुंगा आणि माशी यातला फरक विचारला तर 'दोन्ही चावतात' म्हणेल तो पियुष! गोवर्धन हादरला. मान खाली घालून म्हणाला, "चौदावा होनार नाही मॅडम. शब्द देतो."

दोनच बाजार राहिले होते. पहिला निभला. दुसरा आला तो पंगतीचा बाजार. तीन गावांत हरिनामाचे सप्ते सुटायचे होते, आणि आमच्याकडं सप्ता सुटला म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. वांग्यावाचून पंगत बसली असं वऱ्हाडात तरी कोणी पाहिलं नाही. तिन्ही गावचे आचारी पोत्यानं वांगी न्यायला येणार. असा बाजार वर्षातून एकदा. गोवर्धननं पहाटे ते पोत्यांचे ढीग पाहिले आणि त्याचा शब्द तिथंच पातळ झाला.

"दामिनी, आजचा एकच दिवस व माय. दुपारी तुयी आई येते मंग."

दामिनी वेणी घालत होती. थांबली. "बाबा, चौदावा होते."

"मी अध्यक्ष हावो नं. मॅडमले मी सांगतो."

"तेरा खेपा दुखलं मायं पोट. आता चौदाव्यांदा दुखलं तं मॅडम मले दवाखान्यात नेतीन."

"मंग डोकं दुखते म्हणून लेहतो."

दामिनीनं वेणी पुरी केली. साधना घरात असती तर बोलली असती, पण ती उजाडायच्या आधीच वावरात गेलेली. गोवर्धननं चिठ्ठी लिहिली, पोरीच्या हाती दिली, आणि पोरगी गुमान बैलबंडीवर बसली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चूप बसली म्हणजे पटलं, अशी त्यानं आपली समजूत घालून घेतली. बापांना ही सवय असते.

साडेदहाला प्रार्थनेची घंटा झाली. दामिनीनं ढिगामागं बसून गुडघ्यावर चिठ्ठी ठेवली, दप्तरातला पेन काढून दोन मिनिटं काहीतरी केलं, आणि भिंतीवरून बंडूला आवाज देऊन चिठ्ठी पलीकडं टाकली. तिकडं गोवर्धन पहिल्या आचाऱ्याला वांग्याचे औषधी गुणधर्म सांगत होता.

प्रार्थना संपल्यावर मॅडमनी चिठ्ठी उघडली. वर गोवर्धनचं अक्षर, 'डोके दुखत असल्यामुळे माझी मुलगी आज येऊ शकत नाही.' त्याच्या खाली दुसरं अक्षर होतं, 'मॅडम, माझे डोके दुखत नाही. पोटही कधी दुखले नाही. ही चिठ्ठी खोटी आहे. तरी नियम पाचप्रमाणे हजेरीच्या आत कार्यवाही करावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक, दामिनी गोवर्धन मेहरे.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग घड्याळ पाहिलं. हजेरी अकराला.

"खंजिऱ्या काढा," त्या म्हणाल्या.

पथक फाटकातून निघालं आणि थेट वांग्याच्या दुकानापुढं येऊन थांबलं. पुढं बंडू. छाती काढून म्हणाला, "अध्यक्ष साहेब, चाला. खोटी चिठ्ठी सापडली. तुमाले पुढं राहा लागते."

गोवर्धनचे डोळे चमकले. "कोनाची रे? खुशालरावाची?"

"नाही जी. तुमची."

आचाऱ्याच्या हातातलं वांगं खाली पडलं. गोवर्धननं दामिनीकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. त्याला वाटलं की जमीन फाटावी आणि आपण वांग्यासकट आत जावं. पण सगळा बाजार आता इकडं तोंड करून उभा, आणि नियम भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेला, खाली अध्यक्ष म्हणून याचंच नाव. उठला बिचारा. दुपट्टा झटकला, फाटकापर्यंत गेला, तिथून वळला आणि पथकाच्या पुढं होऊन वाजतगाजत स्वतःच्याच दुकानावर आला. पंचवीस पावलांचं अंतर. त्याला ते नांदगाव खंडेश्वरपर्यंत लांब वाटलं. पोट्टी जीव तोडून गात होती, 'चाल व पोरी शाळेले, खडू तुयी वाट पाह्यते.' हे भजन किती भिकार आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुकानापुढं सगळे थांबले. खंजिऱ्या थांबल्या. आता तिसरा नियम. गर्दीत खुशालराव होते, पंगतीची वांगी न्यायला आलेले. त्यांनी साठवलेल्या वाक्यांतलं एक काढलं.

"अध्यक्ष, विचारा नं जी पालकाले."

गोवर्धननं घसा साफ केला. "या पोरीचा पालक कोन हाये? पुढं या."

कोणी पुढं येईना. येणार कोण? बंडूनं हळूच त्याची बाही ओढली. "आता तिकडून या तुमी."

गोवर्धन ढीग ओलांडून पलीकडं गेला, वळला, आणि लोकांकडं तोंड करून उभा राहिला. समोर एवढी गर्दी त्याला जन्मात मिळाली नव्हती. हात आपोआप वर गेला. "सन्माननीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, कोणत्याही गोष्टीला दोन बाजू असतात..." हे तर खरंच होतं, दोन्ही बाजूंना तो नुकताच उभा राहून आला होता. "शिक्षण ही एक बाजू, अन् कृषी..."

"बाबा!" दामिनी ओरडली. "अकराले चार मिनिटं हायेत!"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याला वाटत होतं, पोरगी रागावली आहे. ती रागावलेली नव्हती. भ्यालेली होती. दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं, ओठ पांढरे पडलेले, आणि डोळे त्याच्या तोंडाकडं, की हे तोंड कधी बंद होतं. आपल्या बोलण्याची आपल्याच लेकराला अशी धास्ती वाटते, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्याचा वर गेलेला हात खाली आला.

"पोरीचं काही दुखत नाही," तो म्हणाला. "कधीच दुखलं नाही. चौदाच्या चौदा चिठ्ठ्या खोट्या हायेत. मले एकट्याले बाजार झेपत नाही, म्हणून मी तिले बसवतो. चुकलं मायं. जाय पोरी, पय!"

दामिनी पळाली. ढिगावरून उडी मारून, गर्दीतून, एका आचाऱ्याच्या हाताखालून वाकून पळाली. मागून खंजिऱ्या खळखळत पथक. बाजार चिडीचूप. आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून नावं ऐकू यायला लागली. एक, दोन, पाच, सात. मग कौशल्या मॅडमचा आवाज, "मेहरे दामिनी?"

"हजर मॅडम!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या ते त्यांनाच माहीत, पण वाजवल्या. गोवर्धन पोत्यावर बसला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसायला लागला. तेवढ्यात कोणीतरी धोतर सावरून शेजारी बसलं. खुशालराव. त्यांनी काटा स्वतःपुढं ओढला.

"तू पोते सोड. मी मोजतो."

सोळा एकराचा धनी दुपारपर्यंत वांगी जोखत होता. गिऱ्हाइकं खूश होती, कारण माप भरपूर पडत होतं. माल दुसऱ्याचा होता नं! दुपारी साधना आली, दुकानावर खुशालरावांना बसलेलं पाहिलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "माणूस पाहूनच मत देल्लं होतं मी."

डिसेंबर सरला. तेरा खाडे, बरोबर नव्वद टक्के. अकोल्याच्या यादीत दामिनीचं नाव गेलं. जायच्या आदल्या संध्याकाळी मॅडमनी पालकांनी भरायचा एक कागद पाठवला. नाव, गाव, रक्तगट, आणि सगळ्यात खाली चार रिकाम्या ओळी. 'पालकांची पाल्याकडून अपेक्षा.'

चार ओळी म्हणजे गोवर्धनला चिमूटभर. दुसरा कोणता दिवस असता तर त्यानं पुरवणी जोडली असती. पण तो पेन धरून बसला तो बसलाच. चुलीवर भाकरी झाल्या, साधनानं ताटं घेतली, तरी कागद कोरा.

"व दामिनी," शेवटी तो म्हणाला, "मले काही सुचून नाही राह्यलं. तूच सांग. तुयी काय अपेक्षा हाये मायाकडून?"

दामिनी पिशवीत कपडे भरत होती. तिनं बापाकडं पाहिलं, थट्टा करतो की काय म्हणून.

"अकोल्याहून आल्यावर बाजाराच्या दिवशी मी कुठं बसन, ते सांगा मले."

गोवर्धनच्या डोळ्यांपुढं पोती आली, आचारी आले, कंटाळून निघून जाणाऱ्या बाया आल्या. खुशालराव काही दर बाजाराला येऊन बसणार नव्हते. मागच्या बाजाराला तो एकटाच बसला होता, आणि अर्धा माल परत आणला होता. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि पोरीलाही माहीत होतं. म्हणून तर तिनं विचारलं.

त्यानं पेन टेकवला. एकेक अक्षर सावकाश लिहिलं. 'माझी मुलगी बाजाराच्या दिवशी शाळेतच बसेल. ही तिची माझ्याकडून अपेक्षा आहे. मला मान्य आहे.' खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

दामिनीनं वाचला. अख्ख्या बाजारापुढं जिच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस आला नव्हता, ती पोरगी कागद मांडीवर ठेवून हुंदके देऊन रडायला लागली. गोवर्धन घाबरला.

"आता काहून रडतं व? तुया मनासारखं तं लेहलं!"

"हो," ती नाक ओढत म्हणाली. "पण तुमी खरंच लेहून देसान, असं वाटलं नव्हतं मले."

गोवर्धननं पेनाला टोपण घातलं.